वायर हातात घ्या

(आसेगाव, जि. वाशीम इथं इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला निघालेल्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)



नारळ झाले, शाली झाल्या. आता कामाचं बोलू. तुमच्यातले कुणी अमरावतीला जातील, कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. तिथं पहिल्याच आठवड्यात प्रश्न येईल : ‘रँक किती?’ बऱ्याचदा तो रँकचा प्रश्न नसतो. जात काढायची ती सभ्य तऱ्हा असते. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

मी इलेक्ट्रिकलचा. लॅबमधे एका टेबलाला आम्ही चौघं. एक कनेक्शन करणार, एक मीटर वाचणार, एक सरांशी इंग्रजीत बोलणार. माझ्याकडं वही. ‘तुझं अक्षर चांगलंय, तू रीडिंग लिही.’ बघा गंमत! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराची बंदी, त्यांना आता अक्षर चांगलं म्हणून हत्याराची बंदी. एक दिवस मी वही बाजूला ठेवली नि म्हणालो, आज वायर मी जोडणार.

तुम्ही पहिल्या दिवसापासून जोडा. सप्लाय बंद ठेवून जोडा, सरांना दाखवा, मगच स्विच टाका. अ‍ॅमीटर सिरीजमधे, व्होल्टमीटर पॅरललमधे, आणि का, तेही विचारा. आपल्या बापजाद्यांच्या हातात कसब होतं, पुस्तक नव्हतं. ज्यांच्याकडं पुस्तक होतं त्यांना हात मळवायची लाज. इंजिनिअरला दोन्ही लागतं.

कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचंही तेच. एआयकडून आज कोड मिळतो, चालतोही. पण ओळ न् ओळ आपल्या शब्दांत सांगता येत नसेल तर तो कोड तुमचा नाही. स्वतः लिहा, एरर वाचा, पुन्हा चालवा. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबवर हक्क सांगा. ती मेहेरबानी नाही.

गणित टाळू नका. कॉम्प्लेक्स नंबर कच्चे राहिले की एसी सर्किट डोक्यावरनं जातं. इंग्रजी अडलं तर मराठीत विचारा, पण विचारा. ओहमचा नियम वऱ्हाडीतही तेवढाच खरा.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचं धोरणही त्यांच्याच खात्याकडं. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नाहीत तर गरिबीतून सुटका नाही, हे त्यांनी ऑक्टोबर १९४३ मधे मांडलं. जयंतीच्या डीजेपुढं हे कुणी सांगत नाही.

आज घरी गेल्यावर आजीला विचारा : गावात विजेचा पहिला खांब कुठं रोवला? आपल्या वस्तीत दिवा किती वर्षांनी लागला? करंटला जात नसते. लाईन कुठवर ओढायची हे ठरवणाऱ्याला असते. ते ठरवतात त्या टेबलाशी तुम्हाला बसायचंय.

आणि एकटं राहू नका. दर्शन सोळंकी आयआयटी मुंबईत केमिकलच्या पहिल्या वर्षाला होता. फेब्रुवारी २०२३ मधे आपण त्याला गमावलं. एटीकेटी लागली तर खोलीत कोंडून घेऊ नका, विषय पुन्हा देता येतो. चारपाच जण मिळून अभ्यासाला बसा. शिष्यवृत्तीचे, स्वाधार योजनेचे अर्ज सुरू होताच भरा, आणि शेजारच्याने भरला का तेही बघा. पुढच्या साली इथून जी पोरगी निघेल, तिला एसटी स्टँडवर घ्यायला तुमच्यातलं कुणीतरी उभं पाहिजे.

जयभीम.