पत्ता पूर्ण सांगा

(पुण्यात मंगळवार पेठेत तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता पुन्हा कधीतरी. मी मुंबईला गोदीत ओझी उचलतो, दहावी झालो आणि कामाला लागलो. इतिहासाचा मास्तर नाही. पण काल रात्री आत्याच्या घरी एक भांडण झालं, ते डोक्यातून जात नाही. तेच तुमच्यापुढं मांडतो.

माझा आत्येभाऊ ग्रॅज्युएट आहे. नोकरीचा फॉर्म भरत होता. पत्त्याच्या रकान्यात त्यानं खोली नंबर लिहिला, वस्तीचं नाव गाळलं आणि एकदम ‘मंगळवार पेठ, पुणे’ लिहून मोकळा झाला. वस्तीला भीमाचं नाव आहे. मी म्हणालो, हे काय रे? तर म्हणाला, “दादा, मागच्या मुलाखतीत समोरच्यानं मार्क बघायच्या आधी पत्ता बघितला. आडनावावरून त्याला कळलं नव्हतं, पत्त्यावरून कळलं. पुढचे प्रश्न त्यानं नुसते विचारायचे म्हणून विचारले.” मी चिडलो. तोही चिडला. तू पोतं उचलतोस, पोत्याला पत्ता लागत नाही, असं म्हणाला. आत्या भाकरी थापत होती. ती एवढंच बोलली, “आमच्या वेळंला लोक महारवाडा म्हणायचे तवा आमी मान खाली घालायचो. आता आमीच नाव दिलंय, तर तू मान खाली घालतोस व्हय?”

मग मला झोप आली नाही. हे पुण्याचं नावांचं प्रकरण आहे तरी काय?

पुण्याचे सगळ्यात जुने उल्लेख सापडतात ते आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत. ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ असं तिथं लिहिलंय. विषय म्हणजे प्रांत. विद्वान लोक त्या नावात पुण्य आहे का हे शोधत बसतात. मला दुसरंच दिसतं. ताम्रपट म्हणजे जमीन दान दिल्याचा कागद. शहराचं नाव उजेडात येतं ते जमिनीच्या कागदावर. ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो कुठल्या ताम्रपटात सापडणार?

आता पेठा बघा. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊची, नारायण पेठ नारायणराव पेशव्याची, नाना पेठ नाना फडणवीसाची, रास्ता पेठ सरदार रास्त्यांची. उरलेल्यांतल्या बऱ्याच पेठा वारांच्या. पुण्यानं आठवड्याचे वार वाटून घेतले आणि आपल्या वाट्याला दुसऱ्या जातीचे वार आले. पण हे वारही सनातन नाहीत बरं का. औरंगजेबानं १७०३ साली आपल्या मेलेल्या नातवाच्या नावावरून पुण्याला मुहियाबाद म्हटलं, आणि आजची बुधवार पेठ ती मुहियाबाद. शनिवार पेठ मुर्तजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर होती. म्हणजे ज्याचं राज्य त्याची पाटी. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं ते तर विसाव्या शतकात. तेव्हा आपण एखादं नाव मागितलं की ‘ऐतिहासिक नावं बदलू नका हो’ म्हणून गळा काढणाऱ्यांना विचारा, कुठल्या सालचं ऐतिहासिक?

आणखी एक गंमत. गणपती जवळ आले की पेपरात पुण्याच्या देवांच्या नावांवर लेख येतात. खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा. मलाही आवडतात ही नावं, खोटं कशाला बोलू. देवाला जिलबीचं नाव द्यायला जी मोकळी जीभ लागते ती लोकांची जीभ आहे, भटाची नाही. पण तो लेख पूर्व भागात आला की अडखळतो. तांबट आळी, बोहरी आळी, कुंभारवाडा इथपर्यंत येतो आणि आपल्या वस्तीच्या तोंडाशी थांबतो. मुठा नदी नारायण पेठेकडून शनिवार, कसब्यावरून खाली मंगळवार पेठेकडं येते. वरचं पाणी कुणाचं आणि खालचं कुणाचं, हे नदीला विचारा. त्यावर लेख येत नाही.

आता गुलटेकडी. इथं जरा थांबतो.

१८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीनं निबंध लिहिला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली पोरगी, वय असेल चौदाएक. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं आणि ते ‘ज्ञानोदया’त दोन हप्त्यांत छापून आलं. त्यात तिनं सांगितलंय की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू करून त्या डोक्यानं खेळायचे. गुलटेकडी. तिनं जागेचं नाव लिहिलं. नुसतं ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं ती म्हणाली नाही. पोलीस पंचनाम्यात लिहितात तशी जागा लिहून ठेवली. दलितांच्या लेखणीतून पुण्याचा पत्ता कागदावर उतरला तो असा.

आज त्या गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. परवा पहाटे मी मुद्दाम गेलो. कांद्याच्या गोण्या, भुसाराची पोती, आणि वाकलेल्या पाठी. पाठ बघून मला माणूस ओळखता येतो, माझीच पाठ ती. एका म्हाताऱ्या हमालाला विचारलं, बाबा, गुलटेकडी का म्हणतात? तो हसून म्हणाला, “गूळ येतो ना इथं, म्हणून!” चाळीस वर्षं तिथं पोती वाहणाऱ्या माणसाला मुक्ताचं नाव माहीत नव्हतं. त्याचा काय दोष? त्याला सांगितलं कुणी? मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तरी म्हणलं इथं पाय जड का व्हत्यात.” ओझ्यानंच होत असतील. पण तो म्हणाला ते मी तुम्हाला सांगतोय.

जोतीरावांचं बघा. नगरपालिकेचे सभासद असताना मंडईची एवढी महागडी इमारत नको, तो पैसा शिक्षणाला लावा असं ते भांडले. ऐकलं नाही. १८८६ साली मंडई उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव दिलं, रे मार्केट. पुढं १९२५ साली केशवराव जेध्यांनी जोतीरावांचा पुतळा उभारायचा ठराव आणला, तो नगरपालिकेनं फेटाळला. आणि मग आचार्य अत्रे नगरपालिकेत आले त्या काळात त्याच रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली! ज्या इमारतीला माणसानं विरोध केला तिच्याच कपाळावर त्याचं नाव. अत्र्यांचा हेतू चांगलाच होता, मी नावं ठेवत नाही. पण मंडईत भाजी घेणाऱ्या किती जणांना हे भांडण ठाऊक आहे? पाटी लागली आणि भांडण पुसलं गेलं. मुलींची पहिली शाळा १८४८ साली जिथं भरली तो वाडा घरमालकाच्या नावानं ओळखला गेला, भिडे वाडा. २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी तो पाडला. अस्पृश्यांच्या मुलांसाठी जोतीरावांनी वेताळ पेठेत शाळा काढली. आज पुण्यात वेताळ पेठ शोधून दाखवा. ती गुरुवार पेठ झाली. जोतीरावांच्या गंज पेठेला मात्र त्यांचं नाव मिळालं, पण पोस्टात महात्मा फुले पेठ आणि तोंडात गंज पेठ.

आमच्या गोदीचंही तेच. १९१४ ची अलेक्झांड्रा डॉक, राणीच्या नावाची. पुढं इंदिरा डॉक झाली. पोत्याचं वजन तेवढंच.

म्हणून २०२० च्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा सगळी, आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची, तेव्हा मला आनंद झाला आणि हसूही आलं. महारवाडा हे नाव गेलंच पाहिजे. ते आम्ही घेतलं नव्हतं, आमच्यावर टाकलं होतं. पण त्या यादीत बौद्धवाडाही होता. बघा हं. १९५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी महारवाडा पुसून मोठ्या मानानं बौद्धवाडा लिहिलं. आणि गावानं त्या नावातही जात ओतली. उद्या क्रांतीनगरातही ओततील. माझ्या भावाचा फॉर्म बघणाऱ्यानं भीमाच्या नावात तेच बघितलं. तेव्हा दोष नावाचा नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्याचा आहे. त्याच्या डोळ्यासाठी आपण किती वेळा नावं बदलायची?

आणि नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात जाऊन यावं. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही ‘मराठवाडा’ शेजारी ठेवून. इथं पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव लागलं, त्यासाठी एकही झोपडं जळलं नाही. चांगलं झालं. पण तो सोळा वर्षांचा जाळ आधी दुसऱ्यांनी सोसला होता, हे त्या विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी विसरू नये.

आता घरातली गोष्ट. आपल्या वस्त्या उठतायत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहतायत. पक्कं घर, संडास, नळ, हे मला हवंय. झोपडीचं गाणं गाणारा कवी मी नाही. पण बिल्डर इमारतीला इंग्रजी नाव देतो, पुढं टॉवर किंवा हाइट्स लावतो, आणि रमाईचं, सिद्धार्थाचं, भीमाचं नाव रातोरात पाटीवरून जातं. सही घेताना विचारतो का कुणी, की नाव कोणतं ठेवायचं? तुम्ही विचारा. सोसायटीच्या पहिल्या सभेत नावाचा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या. आज केलं नाही तर तुमच्या पोरांना इथं काय होतं ते गुळावरून सांगतील.

भावाचं म्हणणं मी फेकून देत नाही. त्याला नोकरी पाहिजे, मला त्याच्या पोटावर शौर्य करायचं नाही. सकाळी त्याला एवढंच म्हणालो, फॉर्मवर तू ठरव, पण घरी आलेल्या माणसाला पत्ता पूर्ण सांग. तो काही बोलला नाही. फॉर्म अजून टेबलावरच आहे.

आणि एक काम. ही गल्ली, तो नळकोंडाळ्याचा चौक, विहार नव्हता तेव्हा तिथं काय होतं, वस्तीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा बैठकीला कोण कोण होतं, हे आत्यासारख्या बायांनाच माहीत आहे. मी दोनशे पानी वही आणलीय. चहा झाला की बसू.

जय भीम.