औषध आणि औषध



‘औषधे शरीरात काय करतात’ हा आजचा विषय फलकावर वाचून एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, “कोणते औषध? दवाखान्यातले की पंपातले?” त्यांनी थट्टा केली, पण प्रश्न नेमका होता. वऱ्हाडात ताप आल्यावर घेतो ते औषध आणि पऱ्हाटीवर मारतो तेही औषधच. ही दोन्ही औषधे माणसाच्या शरीरात कधी कधी एकाच दारापाशी समोरासमोर येतात. आज त्या दाराविषयीच बोलावे म्हणतो.

आपल्या गावावरून नेरमार्गे यवतमाळला रस्ता जातो. त्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या साली कपाशी माणसाएवढी वाढली होती, तेव्हा फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत. विष प्यावेच लागते असे नाही. ते श्वासातून जाते, आणि घामाने भिजलेल्या कातडीतूनही जाते.

आत गेल्यावर काय होते? मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनाच्या हाती. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून हे दाखवले : एका हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, आणि तेही मंदावले. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. हुकूम पोचताच ते झाडून टाकणारे एक विकर तेथे हजर असते. प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस या झाडणाऱ्याचेच हात बांधून ठेवते. मग हुकूम थांबतच नाही : लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, छातीत पाणी साठते, शेवटी श्वासाचे स्नायू थकून पडतात. अळीतही हीच व्यवस्था आहे, म्हणून अळी मरते. अळीत आणि आपल्यात इतके साम्य असावे, हे काही फारसे सुखाचे नाही!

यावर डॉक्टर ॲट्रोपीन टोचतात. ते विष बाहेर काढत नाही. हुकूम जेथे पोचतो ती कडी आतून लावून घेते. निरोगी माणसाला भ्रम होईल एवढी मात्रा या रोग्याला लागते, आणि छाती कोरडी होईपर्यंत ती पुन्हापुन्हा द्यावी लागते. पण स्नायूंची कडी वेगळी, तेथे ॲट्रोपीन चालत नाही. म्हणून श्वासाचे यंत्र जवळ असावे लागते. पॅम नावाचे आणखी एक औषध विकराचे हात सोडवू पाहते, पण उशीर झाला की गाठ पक्की बसते.

ॲट्रोपीन धोतऱ्यातही असते. महादेवाला वाहतो तोच धोतरा. हे ऐकून कोणी घरी बिया वाटू नयेत. एका झाडात किती आणि दुसऱ्यात किती, याचा काही नेम नसतो, आणि धोतऱ्याने माणसे मरतात.

आता मिश्रणाचे. दोन-तीन बाटल्या एका पंपात ओतण्याची चाल आपल्याकडे आहे. बाटली एक असली तरी कधी कधी कारखान्यातूनच प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन एकत्र आलेले असतात. सायपरमेथ्रिन मोडून टाकणारी काही विकरे आपल्या अंगात असतात; प्रोफेनोफॉस नेमकी त्यांनाही अडवते. म्हणून येथे एक आणि एक दोन होत नाहीत. दवाखान्यातल्या औषधांचेही असेच : रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरीन घेणाऱ्याने डोके दुखते म्हणून ॲस्पिरिन घेतली, तर रक्तस्रावाचे भय वाढते. औषधे एकमेकांना विचारून काम करीत नाहीत.

मजुराला गरगरू लागले, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर फवारणी तेथेच थांबवावी, भिजलेले कपडे काढावे, साबण-पाण्याने अंग धुवावे, पण धुणाऱ्याने हातमोजे घालावे, आणि दवाखाना गाठावा. बरोबर बाटल्या न्याव्या, सगळ्या. पंप पाठीवर असतो त्याला पुष्कळदा पंपात काय ओतले हे ठाऊकच नसते. ते मालकाला ठाऊक असते, तेव्हा मालकानेही गाडीत बसावे.