चुन्याचा गिलावा आणि जुने घर



वर्ध्याचे नाव निघाले की कार्यकर्त्याला डिसेंबर 1934 चे शिबीर आठवते. गांधीजींनी त्या शिबिराला भेट दिली होती. आजच्या विषयाला मात्र 1936 हे साल अधिक जवळचे आहे. त्या वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. 1940 मध्ये त्याचेच सेवाग्राम झाले. तेथील कुटी आसपास मिळणाऱ्या माती, बांबू आणि लाकडातूनच उभाराव्यात, हा त्यांचा आग्रह होता. त्या मातीच्या भिंती आजही उभ्या आहेत, कारण त्यांचे लिंपण वेळच्या वेळी होत राहिले. या देखभालीचे श्रेय सहसा कोणी कोणाला देत नाही.

आर्वी, हिंगणघाट, देवळीकडे अशा मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतींची घरे अजून आहेत. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेला मुलगा आजोबांचे घर दुरुस्त करावयास येतो, आणि ठेकेदार एका वाक्यात निकाल देतो : सगळे खरवडा, सिमेंट मारा. येथेच घराचे नुकसान सुरू होते.

वर्ध्याची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घर कणाकणाने हालत असते. भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून ती बाहेर टाकते. सिमेंटचा कडक थर हालचाल सोसत नाही व ओल आत कोंडून धरतो. काही पावसाळ्यांत लोणा फुटतो, थर पोकळ वाजू लागतो आणि पडताना आतली माती घेऊनच पडतो. चुना तुलनेने मऊ असतो. तो भिंतीबरोबर थोडा हालतो आणि ओलीला वाट देतो.

पोरबंदरला सिमेंटचा कारखाना 1914 मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीची शतके चुन्याची होती. अनेक गडांवर चुन्याचे घाणे आजही दिसतात. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या रोपाचे तंतू मिसळलेले होते, असे संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. गडावर जाऊन चुन्यातल्या बांधकामाचा जयजयकार करावयाचा आणि आजोबांच्या भिंतीला सिमेंट फासावयाचे, हा स्वदेशीचा सोयीस्कर अर्थ झाला.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. नवख्याने बैठकीच्या खोलीला हात घालू नये. कोठीची एक भिंत पुरे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. पाणी उकळून उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे हवेतच, आणि मुलांना त्या दिवशी अंगणाबाहेर ठेवावे. विझलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवतात. तो जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. जुने गवंडी गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर त्यात घालीत. पहिल्याच भिंतीला या साऱ्याचा हव्यास नको. मुरलेला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू आणि तागाचे बारीक कातरलेले तंतू एवढ्यावर काम होते.

जुना सुटलेला थर काढून धूळ झाडावी. मोठे खड्डे आधी मातीत भुसा मिसळून भरावेत व सुकू द्यावेत. नंतर भिंतीवर पाणी शिंपडावे. कोरडी भिंत चुन्यातले पाणी शोषून घेते आणि गिलावा सुटतो. थर एक सेंटिमीटरहून जाड नसावा. थापीने दाबून लावावा आणि पुढच्या थराला धरावयास जागा राहील असा ओरखडून ठेवावा. आठवडाभराने दुसरा थर द्यावा. बारीक भेगा पडल्या तर घाबरू नये. थर ओलसर असतानाच लाकडी फळीने घोटून त्या मिटवाव्यात. शेवटचा थर बारीक वाळूचा व पातळ.

नवशिक्याचा खरा शत्रू घाई आहे. चुना नुसता वाळून कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो, आणि त्याला थोडी ओल लागते. म्हणून कित्येक दिवस पाण्याचा हलका फवारा द्यावा व पंखा बंद ठेवावा. वैशाखातल्या वर्ध्याच्या उन्हात हे काम काढणे म्हणजे कष्ट वाया घालवणे. त्यावर पुढे तैलरंगही देऊ नये. त्याने छिद्रे बुजतात आणि सारी मेहनत फुकट जाते. चुन्याची सफेतीच बरी.

हे सारे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये उभ्या केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरांवर बरेच काम केले आहे. पण त्याहून जवळची शाळा गावातच असते. चुना घोटलेला एखादा सत्तरीचा गवंडी अजून ओसरीवर बसलेला सापडतो, आणि त्याला कोणी काही विचारीत नाही. त्याला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन शेजारी उभे करावे व थापी आपल्या मुलाच्या हाती द्यावी. तो गेला की सांगणारे कोणी उरणार नाही. सिमेंटची गोणी दुकानात रोज मिळते, त्याचा हात मिळणार नाही.

कार्तिकात काम काढावयाचे असेल, तर त्याच्याकडे आषाढातच जावे. चुना तेव्हाच भिजत घालावा लागतो.