माटवीची चौकट

ऋतुमानाप्रमाणें घर सजविण्यास नवी खरेदी लागत नाहीं. सुमारें 690 मीटर उंचीवरील आंबोली पाहा. पावसाळ्यांत धुकें थेट घरांत शिरतें. कागद व कापड यांस बुरशी लागते. पितळेची समई मात्र चिंचेनें घासतांच उजळते.

भाद्रपदांत सिंधुदुर्गांतील घरोघरीं गणपतीवर माटवी बांधितात. तिची लांकडी चौकट बहुधा वाडवडिलांच्या वेळची. तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस, तवशीं, तांबडीं कवंडळें व कांगणीचे पिवळे घोस बांधले, कीं भोंवतालचें रानच जणूं माजघरांत येतें. उत्सव सरला म्हणजे पालापाचोळा मातीस मिळतो आणि चौकट पुढील वर्षाची वाट पाहते.

घाट उतरलें कीं सावंतवाडी. तेथील जुनीं रंगीत लांकडी फळें चैत्रगौरीच्या आराशींत शहरांतहि शोभतील.

जुनी चौकट बाजारांत विकत मिळेल. पण कोणतें फळ कोणत्या पाणंदींत पिकतें आणि वेलीस इजा न करतां तें कसें तोडावें, हें ज्ञान तेथें मिळत नाहीं. तें घरांतील वडीलधाऱ्यांपाशीं आहे. तें आजच विचारून घ्यावें. नाहीं तर उरेल तें केवळ लांकूड.