कडेवरचे मूल मोठे होते तेव्हा

(कुणकेश्वर येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



महाशिवरात्रीला गावोगावच्या देवस्वाऱ्या या किनाऱ्यावर समुद्रस्नानाला येतात. यात्रेच्या त्या गर्दीत सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात असलेले चार वर्षांचे मूल बापाच्या खांद्यावर बसून सारा सोहळा डोळे भरून पाहू शकते. तेच मूल चौदा वर्षांचे झाल्यावर यात्रेच्या दिवशी कुठे असते? बहुतेक वेळा घरी, टीव्हीसमोर, म्हाताऱ्या आजीच्या सोबतीला. आज या प्रश्नावर आपल्याशी बोलायचे आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तेव्हा जाणकारांकडून जे समजले तेवढेच सांगतो. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा, तोल, कधी उच्चार यांवर तिचा परिणाम होतो. सर्वसाधारणपणे हजारी दोन ते तीन बालकांत हा दोष आढळतो. शब्द अडखळत असले तरी अनेकांची समज पूर्ण शाबूत असते. मेंदूची ही इजा वयाबरोबर वाढत नाही, हे विशेष लक्षात घ्या.

मग वाढते काय? मुलाचे वजन वाढते, स्नायू आखडतात, वेदना सुरू होतात. आईची कंबर त्याला उचलेनाशी होते. बरोबरीची मुले सायकलवरून दूर निघून जातात. उरलेला वेळ अभ्यास आणि व्यायामोपचार खाऊन टाकतात. मुलगी असेल तर धास्तीपोटी दार आणखी लवकर बंद होते. कॅनडा, नेदरलँड्स अशा देशांत या मुलांच्या फुरसतीच्या वेळेचे अभ्यास झाले आहेत. किशोरवयात मैदानी खेळ आणि छंद कमी होतात, उरलेली करमणूक घरातली व बैठी असते, असे त्यांतून दिसले. सोयीसुविधा असलेल्या देशांत हे घडते, तर आपल्या खेड्यांचे काय सांगावे! ज्या वयात आईबापांपेक्षा मित्र जवळचे वाटतात, नेमक्या त्याच वयात या मुलांभोवती फक्त आईबाप उरतात.

‘आधी चालू दे, मग खेळेल’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाट पाहण्यात बालपण सरते. कॅनडातील पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर या तज्ज्ञांनी 2012 साली अशा मुलांच्या संगोपनासाठी सहा गोष्टी सांगितल्या : कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य. मौज आणि मित्र यांना त्यांनी व्यायामाच्या पंक्तीला बसवले आहे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. मालिनी छिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या मातोश्री डॉ. मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी पदवीधर झाल्या आणि एका बोटाने टंकून त्यांनी आत्मकथन लिहिले. महाविद्यालयाचे दार उघडले तरी मैत्रीचे दार आपोआप उघडत नाही, हा त्यातला अनुभव प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाचे 29 वे कलम सांस्कृतिक जीवन व मनोरंजनाविषयी आहे. नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरे, साहसी उपक्रम यांतील सहभाग सुकर करण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मात्र कायदा घरी येऊन मुलाला हाक मारत नाही. ते काम शेजाऱ्यांचे.

आपल्याकडे काय करता येईल? बोशिया नावाचा खेळ 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू पोहोचवायचा, एवढाच त्याचा गाभा. ज्याला फेकता येत नाही तो उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतो. हात चालत नसेल तर डोक्याला बांधलेल्या दांडीने ढकलतो. शाळेचा सपाट व्हरांडा आणि पाइपाचा उभा चिरलेला तुकडा एवढ्यावर सरावाची सुरुवात होऊ शकते. चाकाची खुर्ची वाळूत रुतते हे खरे. पण चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 2022 साली पाण्याच्या दिशेने लाकडी वाट तयार झाली. यात्रेपुरत्या फळ्या आपणही टाकू शकतो. दशावतार रात्रभर चालतो. तेव्हा खुर्चीची जागा मागच्या कोपऱ्यात न ठेवता समवयस्क पोरांच्या रांगेत ठेवा. भजनात टाळ धरवत नसेल तर मनगटाला घुंगरू बांधा.

कार्यकर्त्यांना एकच विनंती आहे. आपल्या वाडीत असे मूल असेल तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. फळे, वह्या नंतर न्या. आधी त्याच्यासमोर बसा आणि ‘तुला काय आवडते?’ हे आईला न विचारता त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ थांबा. मग त्याच्याच वयाचा एक मित्र सोबत घेऊन पुन्हा जा, आणि पुढच्या वेळी दोघांना मिळून बाहेर काढा.

खांद्यावर मावत नाही म्हणून आपले मूल यात्रेला मुकू नये. बापाचे दोन खांदे पुरत नसतील, तर गावाने आपले खांदे पुढे करावेत.