चालणं म्हणजे वेळेवर सावरलेलं पडणं

आज आधी एक प्रयोग. लोकलमध्ये लटकत नसाल तर सरळ उभे राहा आणि हळूहळू पुढे झुका. एका क्षणी तोल जातो आणि पाय आपोआप पुढे पडतो. बस्स, हेच चालणं.

मी तुर्भ्याला राहतो. इथल्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार पाठीवर कांद्याची गोणी घेऊन भरभर चालतात. खाली ओली सालं, समोर टेम्पो. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. रोबोट बनवणाऱ्यांना मात्र हे बघून घाम फुटेल.

का? तर होंडाचा ॲसिमो आठवा. त्याचा प्रत्येक सांधा मोटरने सतत धरून ठेवलेला, कारण पडायचं नाही! पण २००५च्या एका अंदाजानुसार तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला त्याला माणसाच्या दहा पटीहून जास्त ऊर्जा लागायची.

आपण उलटं करतो. टेकलेल्या पायावर शरीर उलट्या लंबकासारखं पुढे कलतं, मागचा पाय झोपाळ्यासारखा झुलत येतो. बऱ्याच अंशी फुकटात! खरा जोर लागतो तो एका पायावरचं वजन दुसऱ्यावर जाताना, घोट्याने दिलेल्या धक्क्यात. १९९०मध्ये टॅड मॅकगीर यांनी मोटर नसलेलं यंत्र नुसत्या उतारावर चालवून दाखवलं.

याच वाटेवरचा रोबोट म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा रेंजर. मे २०११मध्ये तो एका चार्जवर ६५ किलोमीटर चालला. म्हणजे साधारण तुर्भे ते लोणावळा! जवळपास ३१ तास, १ लाख ८६ हजार पावलं. त्या टीममध्ये होते गोवा विद्यापीठातून इंजिनिअर झालेले प्रणव भौंसुले.

पण रेंजर चालला सपाट ट्रॅकवर. त्याला गुडघे नव्हते आणि वळवायला माणूस रिमोट घेऊन सोबत होता. ओल्या सालीवर, पाठीवर गोणी घेऊन? शक्यच नाही. कमी ऊर्जेत चालणं आणि घसरताना सावरणं, दोन्ही एकत्र जमवणं हाच तर अवघड प्रश्न आहे.

मी कोड लिहितो, म्हणून मला ‘स्किल्ड’ म्हणतात. गोणी वाहणाऱ्याला ‘अनस्किल्ड’. आता हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

उद्या रस्त्यावर कोणाचा तरी घोटा नीट बघा. काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!