एकच बाटली, दोन वेळा

आज बोलायचं आहे न्हाणीघराच्या फळीवरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीबद्दल, आणि तिच्या शेजारी अलीकडे येऊन बसलेल्या त्या डब्यांबद्दल, ज्यांच्यावर ‘चेहरा, अंग आणि केस, तिन्हींसाठी एकच’ असं छापलेलं असतं. खोबरेल कशाकशाला लावतात आणि थंडीत व्हॅसलीन कुठे चोळतात, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला सांगायची आहे ती एकच गोष्ट, आणि रेडिओवरचा वेळ पळतो म्हणून ती आधीच सांगून टाकते. केसांना तेल अंघोळीच्या आधी लावावं, आणि अंगाला अंघोळीनंतर. पुष्कळ घरांत नेमकं उलटं चालतं. केस धुऊन, वाळवून मग चापून तेल लावायचं. आणि अंगाला लावलंच, तर दिवाळीच्या पहाटे, अंघोळीच्या आधी. बाटली योग्य असते, वेळ चुकते, आणि दोष मात्र बाटलीला मिळतो. मग नवी, महागडी बाटली येते आणि तीही चुकीच्याच वेळी लागते.

याचं कारण पाहू. केस आणि त्वचेचा अगदी वरचा थर, दोन्ही केराटिन या एकाच कुळातल्या प्रथिनांचे, आणि दोन्ही निर्जीव. म्हणून एकच तेल दोन्हींना चालतं. तिथपर्यंत त्या डब्यांवरचा मजकूर खोटा नाही. पण त्वचेच्या त्या थराखाली जिवंत त्वचा आहे, आणि तिच्यातलं पाणी रात्रंदिवस वर झिरपून हवेत उडत असतं. ते अडवणारा हा वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन जाड, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्यातलं पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की कातडी पांढुरकी पडते, ओढल्यासारखी वाटते, नखाची रेघ उमटते. त्वचेचं दुखणं हे असं पाणी बाहेर जाण्याचं आहे. केसाला खालून पाण्याचा पुरवठाच नाही. त्याला पाणी मिळतं ते बाहेरून, आणि धुताना एकदम भरमसाट मिळतं. भिजलेला केस सुमारे 15 टक्क्यांनी जाड होतो आणि वाळताना पुन्हा आक्रसतो. या फुगण्या-आक्रसण्यात वरचे खवले उचकटतात, खालचा गाभा उघडा पडतो, आणि केसातली प्रथिनं थोडीथोडी धुऊन जातात. केसाचं दुखणं पाणी नको तितकं आत शिरण्याचं. दुखणी अशी उलटसुलट असताना औषधाची वेळ एकच कशी असेल?

पोळ्या-शंकरपाळ्या करणाऱ्या कुणालाही हे शिकवायला नको. शंकरपाळ्यांना मोहन कधी घालता? कोरड्या पिठात, पाण्याच्या आधी. तेल-तूप पिठाच्या कणाकणाला चोळलं की मागून येणारं पाणी आत फारसं शिरत नाही, म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते, चिवट होत नाही. आणि पोळ्यांची कणीक? तिथे आधी पाणी, मग मळणं, आणि सगळ्यात शेवटी वरून तेलाचा हात फिरवून झाकून ठेवणं, आतलं पाणी उडू नये आणि वर कोरडी साल धरू नये म्हणून. तेल एकच, परातही एकच. एका ठिकाणी ते पाण्याला आत येऊ देत नाही, दुसऱ्या ठिकाणी बाहेर जाऊ देत नाही. केस म्हणजे शंकरपाळ्यांचं पीठ आणि अंग म्हणजे पोळ्यांची कणीक, एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं काम झालं. आणखी एक बघा. उघडा राहिलेला कणकेचा गोळा वाळून त्याला भेगा पडल्या, तर नुसतं तेल चोळून तो मऊ होत नाही. पाण्याचा हात लावून पुन्हा मळावा लागतो, मग तेल. ठणठणीत कोरड्या टाचांवर रात्री तेल चोळून सकाळी ‘काही उपयोग नाही हो’ म्हणणाऱ्यांनी त्या गोळ्याकडे जरा बघावं. तेलात पाणी नसतं. जे आधीच हजर आहे तेवढंच ते राखू शकतं.

आता कुणी म्हणेल, स्वयंपाकघरातल्या उपमेवर डोकं कोण ठेवणार, पुरावा काय? केसांचा पुरावा थेट मुंबईचा आहे. 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल, म्हणजे कित्येक सुगंधी हेअर ऑइलांत असतं ते पातळ पॅराफिन, अशी तीन तेलं केसांना लावून धुण्यात किती प्रथिन जातं ते मोजलं. प्रथिनाची गळती ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलाने, आणि धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने विशेष. कारणही समजण्यासारखं आहे. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा. त्याची साखळी आखूड आणि सरळ असते, प्रथिनाशी तिचं जमतं, आणि ती केसाच्या आत शिरते. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू वाकडे आणि पसरट, ते बाहेरच राहतात. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही. यावर आक्षेप असा, की हे संशोधक मॅरिकोचे, आणि मॅरिको तर खोबरेलच विकते. आक्षेप रास्त आहे. खोबरेल आत शिरताना दाखवणारं आधीचं, 2001 चं काम प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेशी मिळून झालं होतं. पण त्यातही याच कंपनीची माणसं होती, त्यामुळे तेवढ्याने शंका पुरती फिटत नाही. तरी दोन गोष्टी बघा. तेल आत शिरण्याचं जे कारण दिलं आहे ते रेणूंच्या आकाराचं, जाहिरातीचं नाही. आणि या अभ्यासातून ‘धुण्याआधी लावा’ एवढंच सुचतं, ‘जास्त लावा’ असं नाही. चार थेंब आधी लावल्याने कुणाचा खप वाढत नाही.

त्वचेच्या बाजूने पुरावा आणखी भरवशाचा, कारण तो विक्रेत्यांकडून नाही, त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून आला. 2005 साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जुनाट, खाज सुटणाऱ्या त्वचाविकारांच्या रुग्णांसाठी एक साधी रीत मांडली. रात्री वीस मिनिटं साध्या पाण्यात बसायचं आणि बाहेर येताच, अंग न पुसता, स्टिरॉइडचं मलम लावायचं. इतर उपाय करून थकलेल्या पुष्कळ जणांना त्याने आराम पडला. उलट बाजूही सांगते. 2009 मध्ये इसब असलेल्या मुलांवरचा एक लहानसा अभ्यास आला. त्यात अंघोळीनंतर लगेच लावलं काय आणि अर्ध्या तासाने लावलं काय, फारसा फरक दिसला नाही. अंघोळ न करता नुसतं लावलेल्यांचा ओलावा तर त्याहून अधिक होता. पण अंघोळ केली आणि नंतर काहीच लावलं नाही, तर ओलावा अंघोळीआधी होता त्यापेक्षाही घटला. तेव्हा हातात घड्याळ धरून न्हाणीघरातून पळत येण्याची गरज नाही; अंघोळीनंतर लावायचं, एवढंच सांभाळायचं. आणि खोबरेल की खनिज तेल, याची फार चिंता नको. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या कातडीवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही सारखीच उतरली. केसांत ज्या दोन तेलांत एवढा फरक पडला, ती अंगावर बरोबरीची ठरली. कुठलं तेल हा प्रश्न केसांनी विचारावा, त्वचेने आधी वेळ बघावी.

सगळ्यात मोठा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो तुमच्या ओठांवर आलाही असेल. अभ्यंगस्नानाचं काय? पिढ्यान् पिढ्या अंगाला तेल अंघोळीच्या आधीच लावत आल्या, त्या सगळ्या चुकल्या? मुळीच नाही. जुन्या रीतीत तेलानंतर काय यायचं ते आठवा. उटणं, डाळीचं पीठ, मसुराचं पीठ. ही द्रव्यं वरचं जादा तेल टिपून घेतात आणि पातळ थर अंगावर ठेवतात. म्हणजे तेल लावलं जायचं आधी, पण ते अंघोळीनंतरही अंगावर असायचं. हिशेब बिघडवला तो साबणाने. साबणाची वडी अल्कधर्मी, सामू 9 ते 10 च्या घरात. ती लावलेलं तेलही नेते आणि त्वचेचं स्वतःचंही. मालिश आधीच करा, मालिशीचं सुख वेगळं, त्याला माझी हरकत नाही. पण नंतर साबण फिरवणार असाल तर अंघोळीनंतर पुन्हा चमचाभर तेल लागेल. अर्धी परंपरा पाळायची, अर्धी सोडायची, आणि मग परंपरेचा गुण येत नाही म्हणायचं, हे काही खरं नव्हे.

इथे जरा आडवाटेने जाते. एकाच बाटलीचे अनेक उपयोग ही गोष्ट न्यायालयालाही बराच काळ पुरली. खोबरेलाची लहान बाटली खाद्यतेल समजायची की केसांचं तेल? करात फरक पडत होता, म्हणून खटला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. अखेर डिसेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की शुद्ध खोबरेलाची बाटली नुसती लहान आहे म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही, खाद्यतेल म्हणूनही ते विकता येतं. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये केसांच्या तेलावरचा जीएसटीही 18 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि भांडणातला जीवच गेला. हे सांगण्याचं कारण एवढंच, की तेल आमटीच्या फोडणीत पडायचं की वेणीत, हे बाटलीवर ठरत नाही, घरात ठरतं. तसंच वेळेचं. ती कुठल्याच बाटलीवर छापलेली नसते.

केस म्हणताना मी टाळू म्हटलेलं नाही, हे ऐकलंत ना? टाळू ही त्वचा आहे, आणि तेल सुटणारी त्वचा आहे. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यात राहते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती आपल्या तेलावर जगते. कोंडा आहे म्हणून डोक्यात तेल जिरवणं म्हणजे तिलाच जेवायला वाढणं. कोंडा असलेल्यांनी तेल केसांच्या लांबीला लावावं, मुळांना नाही. कपाळाचंही तसंच. केसांना लावायच्या पोमेडमुळे कपाळावर पुटकुळ्या येतात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 सालीच लिहून ठेवलं आहे. कणकेला पुटकुळ्या येत नाहीत, तेव्हा माझी उपमा इथे संपते.

आता ते डबे, घाईघाईनेच. त्यांत बहुधा तीन गोष्टी असतात. पाणी ओढणारं काहीतरी, बहुतेक ग्लिसरीन. पाणी अडवणारं काहीतरी, पेट्रोलियम जेली किंवा सिलिकोन. आणि मऊपणा देणारी तेलं. त्वचेवर हे तिन्ही गुण कामाचे. केसांवर ग्लिसरीन हवेच्या मर्जीवर चालतं. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत ते बाहेरचं पाणी केसात ओढून केस पिंजारतं, आणि एप्रिलमध्ये अकोल्याच्या कोरड्या हवेत त्याला ओढायला पाणीच सापडत नाही. तोच डबा, तेच पैसे. पेट्रोलियम जेली टाचांना उत्तम, पण केसात शिरत नाही आणि शाम्पूलाही सहज दाद देत नाही. डबा घ्यायचाच असेल तर अंगासाठी घ्या, अंघोळीनंतर लावा, आणि उरलेला हात केसांच्या टोकांवर फिरवलात तर बिघडत नाही. पण धुण्याआधीच्या तेलाची जागा तो घेणार नाही. हो, तिसऱ्यांदा सांगते आहे. केसांना आधी, अंगाला नंतर.

ऑलिव्ह तेलाबद्दल विचारणारी मंडळी असतात, विशेषतः बाळाच्या मालिशीसाठी. त्यात ओलेइक आम्ल फार असतं, आणि 2013 च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातावरसुद्धा त्याने त्वचेचा अडवणारा थर कमजोर झालेला दिसला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. महाग तेल म्हणजे बाळाला चांगलं, असं धरून चालू नका. यावर अजून बरंच बोलता आलं असतं, पण समोरच्या काचेतून खूण झालेली दिसते आहे. थंडीत खोबरेल थिजलं की दुकानदाराशी भांडू नका. साधारण 24 अंशांच्या खाली शुद्ध खोबरेल थिजतंच. बाटली गॅसजवळ नेऊ नका, अंघोळीच्या गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा. आणि तेल वितळलं की तिथेच केसांना लावून घ्या.